तासकरकाकांचा राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की तासकरकाका फुजैऱ्याच्या नोकरीतून दोन दिवसांची रजा काढायचे. तिकडे रात्र तेव्हा आमच्याकडे सकाळ, त्यामुळे चहाच्या वेळेपासूनच निकाल यायला लागायचे. शारजाच्या अल नहदा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पन्नास राज्यांचा हाताने आखलेला तक्ता पसरलेला असायचा. टीव्हीचा आवाज बंद करून काका पेन्सिलने बेरीज करत बसायचे. आवाज का बंद, तर "बोलणारा प्रत्येक जण आपलं भाकीत सांगतो. मला आकडा पाहिजे." शैलाकाकू मात्र पहाटेच आंघोळ उरकून देवापुढे निरांजन लावायच्या. कोण जिंकावं याबद्दल त्यांचं काहीच मत नव्हतं. "कोणीही येऊ दे," त्या म्हणायच्या, "मऊ मनाचा येऊ दे."

आमची ओळख झाली ती माझ्या गरजेपोटी. अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका शाळेत मला सामाजिक शास्त्रं शिकवायची नोकरी लागली होती, आणि पहिल्याच सत्रात विषय होता राष्ट्राध्यक्षाची निवड, अधिकार आणि कर्तव्यं. पुण्यात एम.ए. करताना मी मराठेशाही वाचलेली. लिफ्टमध्ये पुस्तकांचा गठ्ठा सांभाळताना बघून आमचा वॉचमन म्हणाला, "ग्यारह सौ चार में जाओ मॅडम. तासकर साब को अमेरिका का सब मालूम है."

दार उघडलं ते साठीच्या, उन्हाने काळपटलेल्या एका किरकोळ माणसाने. फुजैऱ्याला समुद्रकाठी तेलाच्या प्रचंड टाक्या आहेत. त्यांच्यावर चढून, आत टेप सोडून तेल किती आहे ते मोजायचं आणि कागदावर सही करायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मला आत घेतलं, समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "लिहून घे. ऐकलेलं राहत नाही."

मग आठवड्यातून दोन संध्याकाळी मी अकराशे चारमध्ये जाऊ लागले. काका शिकवायचे तेही मोजमाप घेतल्यासारखं. "लोक मत देतात, पण थेट राष्ट्राध्यक्षाला नाही. प्रत्येक राज्य आपले प्रतिनिधी निवडतं, एकूण पाचशे अडतीस. दोनशे सत्तर मिळाले की खलास. म्हणून देशभरात जास्त मतं मिळवूनही माणूस हरू शकतो." मी म्हटलं, हा अन्याय नाही का? "न्याय-अन्याय नंतर. आधी कसं आहे ते नीट बघ. टाकीवर न चढता आकडा सांगणारे खूप भेटतील तुला."

सैन्याचा प्रमुख तो, पण युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. करार तो करणार, पण सिनेटच्या दोन तृतीयांश सभासदांनी होकार द्यायला हवा. न्यायाधीश तो नेमणार, तेही सिनेटला विचारून. काँग्रेसने केलेला कायदा तो परत पाठवू शकतो, पण दोन तृतीयांश जमले तर ते त्याच्या डोक्यावरून नेतात. प्रत्येक अधिकार सांगून झाला की काका लगेच त्याची हद्द सांगायचे, आणि मग "यल्ला, पुढचं" म्हणून पान उलटायचे. त्यांचा तो अरबी "यल्ला", म्हणजे 'चला', ऐकला की स्वयंपाकघरातून काकूंचं हसू ऐकू यायचं.

एका संध्याकाळी काकू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हिला माफीचं सांगितलंत का?"

"सांगेन. तोही अधिकार आहे," काका म्हणाले. "गुन्हेगाराला माफी देऊ शकतो तो. कोणाला विचारावं लागत नाही. यल्ला, पुढचं."

त्या दिवशी त्यांनी हद्द सांगितली नाही. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

काकूंनी मला अनीशबद्दल सांगितलं ते काका कामावर असताना. त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत शिकायला गेला होता. शेवटच्या वर्षात एका पार्टीहून दारू पिऊन गाडी चालवत परतताना त्याने रस्ता ओलांडणाऱ्या मायलेकींना उडवलं. दोघी गेल्या. अठरा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली तीन संपली होती. काकूंना व्हिसा मिळाला नव्हता, खटल्याला काका एकटेच जाऊन आले होते. "ह्यांनी अर्ज केलाय," काकू म्हणाल्या. "राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीचं काम आहे. तिथे वेळ लागतो म्हणतात. इन्शाल्ला, होईल." काकू मालेगावच्या, सोवळ्याओवळ्यातल्या. पण 'इन्शाल्ला' त्या अगदी आपल्या देवाला म्हटल्यासारखं म्हणायच्या.

दर दुसऱ्या रविवारी तुरुंगातून पंधरा मिनिटांचा फोन यायचा. त्यातली बारा मिनिटं काकू बोलायच्या, जेवणाबद्दल विचारायच्या, आणि शेवटी "धीर धर, अर्ज पडलाय" म्हणून फोन काकांकडे द्यायच्या. पलीकडे अनीश काय म्हणत असेल, कोण जाणे.

पुढच्या वर्षी वर्गात माफीचा धडा आला. आदल्या दिवशी मी राज्यघटनेतलं मूळ वाक्य वाचलं. राष्ट्राध्यक्षाची माफी फक्त संघराज्याच्या कायद्याविरुद्धच्या गुन्ह्यांना चालते. राज्याच्या कायद्याखाली, राज्याच्या न्यायालयात झालेल्या शिक्षेला त्याचा हात पोचत नाही. तिथे त्या राज्याचा गव्हर्नर, नाहीतर तिथलं माफी मंडळ. आणि दारू पिऊन गाडी चालवून माणूस मारणं हा साधारणपणे राज्याचाच गुन्हा. मी ते तीनदा वाचलं.

त्या दिवशी काका कामावरून परतायच्या वेळेला मी बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये थांबले. ते गाडीतून उतरले, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "वाचलंस वाटतं."

"काका, अनीशचा खटला..."

"राज्याचा. राष्ट्राध्यक्षाचा काही संबंध नाही. मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे."

"मग अर्ज?"

"नाही केलेला. जिथे करायचा तिथेही नाही."

गाडीला टेकून ते बोलत राहिले. शिक्षा सुनावली त्या दिवशी ते न्यायालयात होते. त्या बाईचा नवरा साक्षीला उभा राहिला. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मुलीच्या शाळेतून अजून तिचा पेन्सिलबॉक्स आणलेला नाही, मला जाववत नाही, एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला. "मी हॉटेलवर येऊन गव्हर्नरकडचा अर्ज लिहायला घेतला, मेधा. मृतांची नावं लिहायची होती, ती लिहिली. पुढे पेन चालेना. माझ्या मुलाला लवकर सोडा, असं त्या माणसाच्या राज्यात कोणत्या तोंडाने मागू?"

"आणि काकूंना राष्ट्राध्यक्ष?"

"घरी आलो तेव्हा ती जेवत नव्हती. हातात काहीतरी द्यायला हवं होतं. राष्ट्राध्यक्ष दिला. तो लांब असतो, आणि दर चार वर्षांनी नवा येतो." मग म्हणाले, "आधी मी दार शोधायला म्हणून घटना वाचली होती. दार सापडलं नाही, पण तोवर सगळं घर पाठ झालं होतं. तू सांगणार आहेस का तिला?"

मी नाही म्हटलं. ते मी फार चटकन म्हटलं, असं आता वाटतं.

त्यानंतर अकराशे चारमध्ये जाणं सोपं राहिलं नाही. काका तसेच होते. बिल्डिंगमधल्या कोणाला व्हिसाचा अर्ज लिहून दे, कोणाचा करार वाचून दे, सगळं चालू होतं. कोणी "चार शब्द वाढवून लिहा ना काका" म्हटलं तर म्हणायचे, "टेप ओली झाली तिथंपर्यंतच तेल. वर एक बोटही नाही." एवढ्या काटेकोर माणसाने आपल्या बायकोला वर्षानुवर्षं खोटा आकडा दिला होता, आणि आता त्यावर माझीही सही होती.

पुढची निवडणूक आली. तक्ता, निरांजन, बंद आवाजाचा टीव्ही, सगळं झालं. मावळते राष्ट्राध्यक्ष जाताना अनेकांना माफी देतात हे काकूंनी बातम्यांत ऐकलं होतं. जानेवारीत त्या माफीची यादी छापून घेऊन माझ्याकडे आल्या. "ह्यांचा चष्मा बदलायला झालाय, त्यांना दिसत नाही म्हणे. तू वाच." मी सोफ्यावर बसून परक्या माणसांची नावं एकेक करून मोठ्याने वाचली. काकू प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, जणू त्या त्या घरातलं सुख त्यांना दिसत होतं. यादी संपली.

"अनीश नाही?"

"नाही, काकू."

"बरं." त्यांनी कागदांची घडी घातली. "हे गेले. आता नवे काय करतात बघू."

त्याच वर्षी जूनमध्ये काका गेले. फुजैऱ्याहून परतताना डोंगराच्या रस्त्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पोलिसांना ते तसेच सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय. पुढचे चार दिवस कागदांचे होते. पोलिसांचा दाखला, दूतावासाचं पत्र, विमानाच्या मालवाहू विभागाची पावती. तिच्यावर काकांचं वजन लिहिलं होतं, पेटीसकट. तुरुंगातून अनीशला दहा मिनिटांचा फोन करू दिला. त्याचं रडणं काकूंनी दहा मिनिटं फोन कानाला लावून ऐकलं.

अंत्यसंस्कार नाशिकला दिरांनी केले. काकू पंधरा दिवसांनी घर आवरायला परत आल्या. त्यांचा व्हिसा काकांच्या नोकरीवर होता, आता मुक्काम हलवणं भाग होतं. आम्ही दोघी भांडी गुंडाळत होतो. मधेच त्या म्हणाल्या, "त्यांचा अर्ज आता माझ्या नावावर करावा लागेल का गं? नाहीतर राष्ट्राध्यक्ष म्हणतील, अर्जदारच नाही."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. पार्किंगमधलंसुद्धा.

त्या वर्तमानपत्राच्या कागदाच्या चुण्या काढू लागल्या. मग विचारलं, "तुला किती दिवस माहीत होतं?"

"साडेतीन वर्षं."

"म्हणजे तू ती यादी वाचलीस तेव्हा..."

"हो."

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे भल्या मनाचे होते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मुलगा माझाही होता. मागायचं की नाही, ते मला विचारायला हवं होतं. त्यांनी एकट्याने ठरवलं. आणि तू त्यांना साथ दिलीस." आजही काकांची आठवण आली की माया दाटून येते, आणि तिच्या मागोमाग हे वाक्य येतं.

काकांच्या कपाटात तो अर्ज सापडला, हॉटेलच्या कागदावरचा, पहिलं पान अर्धं भरलेला. काकूंनी मला त्यातली दोन नावं वाचायला लावली आणि स्वतः एका चिठ्ठीवर देवनागरीत उतरवून घेतली. रोझा. लूसी. इतकी वर्षं त्यांना ती कोणी सांगितली नव्हती. लूसी सहा वर्षांची होती, हेही त्यांना तेव्हाच कळलं. मग त्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "लिही. आधी त्या माणसाला पत्र. त्यात काही मागायचं नाही. अर्ज त्याच्यानंतर." त्या मराठीत सांगत गेल्या, मी इंग्रजीत लिहीत गेले. दोन्ही कागदांवर त्यांनी शैला मोहन तासकर अशी सावकाश सही केली.

पत्राला उत्तर आलं नाही. अर्जाचं उत्तर माझ्या पत्त्यावर यायला वर्ष लागलं. नियमाप्रमाणे विचार केला, मागणी नामंजूर, एवढीच दोन वाक्यं. मी नाशिकला फोन लावला आणि त्यांना ती मराठीत सांगितली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"गव्हर्नरने स्वतः सही केलीय?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू. खाली सही आहे."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला विचारायचं होतं, त्याने नाही म्हटलं. आता मला वाट बघायची उरलेली नऊ वर्षं तरी मोजता येतील."