रेडिओचे केस कापणारा

त्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि तेही तोंडावर. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की तो सुरू व्हायचा आणि मानेवरचे केस झटकेपर्यंत बंद व्हायचा नाही. हवामान, खेळ, शेजाऱ्याच्या पोरीचं लग्न, सगळ्यावर त्याचं मत तयार. दुकान दोन खुर्च्यांचं, त्यातली एक मोडकी, पण देशाचा कारभार तिथं रोज एकदा तरी ताळ्यावर आणला जायचा. बायको म्हणायची, "हात थांबला तरी तुमची जीभ थांबत नाही. एखाद दिवशी कुणाचा कान कापाल." कान मात्र त्यानं कधी कापला नाही, एवढं खरं.

सगळ्यात आवाज चढायचा तो सीमेच्या विषयावर. चोरवाटेनं येणाऱ्यांचा त्याला मनापासून राग होता. "घराला दार कशाला असतं?" तो विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचा. "पाहुणा दारातून येतो, कडी वाजवतो. भिंतीवरून उडी मारून येतो त्याला पाहुणा म्हणायचं का? या ना बाबांनो, नाही कोण म्हणतंय? पण रांगेत उभे राहून या, कागद घेऊन या." हा राग उसना नव्हता. त्याच्या सख्ख्या मेहुण्याचं रंगकाम याच लोकांनी निम्म्या मजुरीत पळवलं होतं आणि मेहुणा वर्षभर घरी बसला होता. गिऱ्हाइकं माना डोलवायची. वस्तरा गळ्याशी असताना वाद घालणार तरी कोण?

आता न्हाव्याची एक अडचण असते. जगाचे केस तो कापतो, त्याचे कोण कापणार? गावातल्या दुसऱ्या न्हाव्याकडं जाणं म्हणजे स्वतःच्या हातानं नाक कापून घेणं. बायकोच्या हातात कात्री दिली की डोक्यावर उंदीर फिरल्यासारखं व्हायचं. म्हणून रेडिओ बरेचदा वाढलेल्या केसांनीच दुसऱ्यांना टापटिपीचे धडे द्यायचा.

ही अडचण सुटली ती समोरच्या अर्धवट इमारतीमुळे. तिथं गिलावा करणारा एक माणूस एकदा दाढीला आला आणि खुर्चीत बसायच्या आधी वस्तऱ्याकडं असा बघत राहिला की रेडिओनं तो त्याच्या हातात देऊन बघितला. माणूस तोडकंमोडकं बोलायचा, बोलायचाही कमीच. रेडिओनं त्याचं नाव मौनी ठेवलं. आपल्या मुलखात तो न्हावीच होता. कागद नाहीत हे त्यानं सांगितलं नाही आणि रेडिओनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मतं आड आली असती.

मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दार अर्धं ओढून मौनी त्याचे केस कापू लागला. पैसे घ्यायचा नाही. तेव्हा रेडिओनं आपला एक जुना वस्तरा त्याला देऊन टाकला, मुठीवर दुकानाची खूण असलेला. "फक्त माझं नाव कुठं घेऊ नकोस बाबा," तो म्हणाला होता. "तुझ्यासारख्याला काम दिलं तर मला दंड बसतो."

"नाही घेणार, मालक," मौनी म्हणाला होता.

त्या वस्तऱ्यानं मौनी इमारतीवरच्या आपल्या मुलखातल्या मजुरांचेही केस कापू लागला. त्याच्याशी बोलताना रेडिओचा आवाज आपसूक खाली यायचा. मौनीला वर्षभर राबून परत जायचं होतं आणि मग रीतसर अर्ज करून बायकोला घेऊन यायचं होतं. "हे बोललास शहाण्यासारखं," रेडिओ म्हणाला. "दारातून ये. ही दुसरी खुर्ची दुरुस्त करून ठेवतो. मग तू तिथं आणि मी इथं."

एक दिवस दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं. तरुण, हसतमुख, गावात नुकतीच बदली झालेला. कुठल्या खात्यात, ते रेडिओनं विचारलं नाही. रेडिओ बोलतो, ऐकत नसतो. केस कापून झाल्यावर आरशात बघत तो म्हणाला, "काका, तुमच्या स्वतःच्या मानेवरचे केस काय झकास कापलेत. कुणाचं काम?"

कुणी गळ्यात हार घातला असता तरी रेडिओ इतका फुलला नसता. पस्तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या माना बघितल्या होत्या. त्याची मान बघणारा हा पहिलाच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"बघा, आमच्याकडं सगळे मशीननं सरळ रेघ मारतात," त्यानं वळून दाखवलं. "इथं रेघच नाही. वस्तरा खालून वर नेतात आणि कानामागं असा बाक देतात. हे इथलं कामच नव्हे, सीमेपलीकडचं आहे. समोरच्या इमारतीत जाऊन बघा हवं तर. तिथं इथलेही आहेत आणि तिकडचेही. ज्याच्या मानेवर रेघ नाही तो तिकडचा. एकाच हाताखालून गेलेत सगळे."

"अरे वा," गिऱ्हाईक म्हणालं. "तुमची नजर भारी आहे, काका."

रेडिओ दिवसभर खुशीत होता.

त्याच आठवड्यात सकाळी समोर दोन गाड्या थांबल्या. मजुरांना भिंतीकडं तोंड करून ओळीत उभं केलं होतं. तो हसतमुख तरुण गणवेशात होता आणि एकेकाची कॉलर बोटानं खाली ओढून मान बघत होता. या बाजूला हो. तू त्या बाजूला. रेडिओ दुकानाच्या दारात उभा होता. हात आपोआप स्वतःच्या कॉलरकडं गेला. त्यानं ती वर ओढून घेतली.

थोड्या वेळानं तो गणवेशातला साहेब रस्ता ओलांडून आला. हातात वस्तरा होता. मागं शिपायानं बखोटीला धरलेला मौनी.

"काका, ही खूण तुमच्या दुकानाची ना? हा म्हणतो, कचऱ्यात सापडला."

मौनी जमिनीकडं बघत होता. रेडिओच्या तोंडात शब्द आला होता. नुसतं 'मी दिला' म्हणायचं होतं, एका श्वासाचं काम. पण दंड आठवला, दुकानाचा परवाना आठवला, आणि रोज ज्यांच्यापुढं आपण दाराचं पुराण सांगतो ती फुटपाथवर जमलेली तोंडं दिसली.

"खूण आमचीच," तो म्हणाला.

"मग चोरीला गेला म्हणायचा?"

"काय माहीत, साहेब. गेला असेल."

तेव्हा मौनीनं वर बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यानं हलकेच मान हलवली, बरं केलंत म्हटल्यासारखी. मालक वाचले याचंच त्याला बरं वाटलं असावं.

दोन दिवस रेडिओ बंद होता. गिऱ्हाइकांनी विचारलं, आता तर खूश असशील? तो हूं म्हणाला. रात्री बायकोला सगळं सांगितलं, तर ती ताटावरून न उठता म्हणाली, "तुमचं मत चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला चोर का केलंत?" दार हवं, कडी हवी, हे त्याला आजही पटत होतं, आणि त्यामुळं जीव हलका व्हायच्याऐवजी जडच होत होता. नियमानं वागून तो मौनीला गमावता तर दुःख झालं असतं. इथं तर आधी बढाई होती आणि मग भीती.

तिसऱ्या दिवशी साहेब दाढीला आला. "काका, वरिष्ठांना तुमचं सांगितलं मी. आता जिथं जाऊ तिथं आधी मान बघतो."

रेडिओनं साबण लावला. "त्या वस्तऱ्यावाल्याचं काय झालं?"

"नुसती घुसखोरी असती तर परत पाठवला असता. दोन वर्षांनी अर्ज करायला मोकळा. पण चोरी लागली ना नावावर. आता त्याला कधीच परवानगी नाही. जन्मात नाही."

एक गाल झाला होता. रेडिओनं वस्तरा खाली ठेवला.

"साहेब, तो चोरीचा नव्हता. मी दिला होता. माझे केस तोच कापायचा. हवं तर आत्ता लिहून देतो."

साहेबानं आरशातून त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडा कंटाळा होता.

"मग परवा का नाही बोललात? सहीशिक्का होऊन गाडी आज पहाटेच गेली, काका." आणि मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "जाऊ द्या. मनाला लावून घेऊ नका. तो काय इथला होता का?"

त्यानं मान मागं टाकली आणि डोळे मिटून दुसरा गाल पुढं केला. रेडिओनं वस्तरा उचलला आणि उरलेली दाढी नीट करून दिली.