खापरपणजोबांचं गलबत

माझे खापरपणजोबा मराठ्यांच्या आरमारात तांडेल होते, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचे म्होरके. भर वादळात शीड फाटलं तेव्हा त्यांनी स्वतःचं धोतर डोलकाठीला बांधलं आणि लंगोटीवर उभं राहून गलबत किनाऱ्याला आणलं.

यातलं अक्षरही खरं नाही. मुलगी पाच वर्षांची होती, जेवायला तयार नसायची, म्हणून दर घासाला शत्रूचं एक जहाज बुडवावं लागायचं. वारज्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर, वरणभाताच्या ताटात, मी आरमारंच्या आरमारं तळाला धाडली. तोफांचे आवाज इतके जोरात काढायचो की खालचे आजोबा काठीने छत ठोकायचे. तोही मी शत्रूचा मारा म्हणून खपवला.

पुढे याच गोष्टींचं मुलांसाठी पुस्तक झालं. प्रस्तावनेत मी ऐटीत लिहिलं, 'आमच्या घरातल्या मोडी कागदांच्या आधारे.' कागद होते, हे मात्र खरं. वडिलांच्या कपाटात, लाल फडक्यात बांधलेले. घरात कुणालाच ते वाचता येत नव्हते, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

मुलीने एकोणिसाव्या वर्षी पेठेतल्या मोडीच्या वर्गात नाव घातलं.

"आपले कागद मीच वाचणार, बाबा," ती दारात स्कार्फ बांधत म्हणाली.

'अगं, ते मी रचलंय.' एवढंच म्हणायचं होतं. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "शिडं सोडा!" ती हसत जिना उतरली.

दोन वर्षं ती दर रविवारी गेली. बोटांना शाई, टेबलावर बोरू, वहीत ओळींमागून ओळी. दर रविवारी मला संधी होती. दर रविवारी मी खापरपणजोबांची एखादी नवी लढाई तिच्यासोबत पाठवली.

मग एका दुपारी ती वर्गातून आली आणि तिने ते फडकं जेवणाच्या टेबलावर सोडलं.

"बाबा, यात समुद्र कुठेच नाही. विहीर आहे."

"विहीर?"

"आपल्या गावची, धायरीची. दोघा भावांचं भांडण, कुणी कोणत्या दिवशी मोट लावायची त्याचं. सगळे कागद त्याचेच. सर म्हणाले, चला, पाणी आहे एवढं तरी खरं निघालं."

ती हसत होती. हसता हसता मीही कबूल करू शकलो असतो. पण समोर प्रेक्षक दिसला की माझी जीभ माझी राहत नाही.

"हे दुसरंच गाठोडं," मी आवाज खाली आणून म्हणालो. "आरमाराचं वेगळं होतं. पुरात गेलं."

तिचा चेहरा उजळला. ते मला अजून विसरता येत नाही. मग तिने हळूच विचारलं, "पूर एवढ्या उंचावर, धायरीला चढला होता?"

स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला.

"पाच वर्षांच्या मुलीला गोष्ट सांगितलीस, त्याचं काही नाही," मुलगी कागदांची घडीवर घडी घालत म्हणाली. "पण आत्ता मी एकवीस वर्षांची आहे."

नव्या आवृत्तीत मी प्रस्तावनेतलं मोडी कागदांचं ते वाक्य काढलं. प्रकाशक कळवळले, "अहो, त्या वाक्यावरच तर पालक पुस्तक घेतात!" मी मुलीला मुद्रितं दाखवली. "बरं केलंस," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. आता ती इतरांच्या घरातले कागद वाचते, भिंग लावून.

परवा जेवताना तिच्या जन्माची गोष्ट निघाली. मांजरी गावात कामावर होतो, निरोप आला, वाटेत स्कूटर बंद पडली, धावताना एक चप्पल चिखलात राहिली आणि दवाखान्यात पोहोचलो तो एकाच चपलेवर. हातवारे केले नाहीत, तोफा वाजवल्या नाहीत. जसं घडलं तसं सांगितलं.

मुलगी सगळं ऐकून घेऊन आईकडे बघायला लागली.

"हो गं," बायको म्हणाली, "एकच होती."

मग मुलगी हसली.