डुप्लिकेट उन्हाळा

नागपूरच्या उन्हाळ्याला नावं ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले. पण उन्हाळा झालाच नाही असं तोंडावर सांगणारा मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो होता आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. या गोष्टीला आता किती तरी वर्षं झाली. तरी आठवण निघाली की माझं डोकं अजून तापतं, आणि ते थंड करण्याचा माझा मुळीच विचार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धरमपेठेत एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. कुणाला इमारत बांधायची असली की त्या जागेची माती तपासायची आणि पाया कसा घालावा ते सांगायचं, हा आमचा धंदा. मी तिथली एकुलती एक बाई इंजिनिअर. त्यामुळे जागेवर गेले की लोक आधी माझ्या मागे कोणी साहेब येतो आहे का ते बघत, आणि कोणी येत नाही हे कळल्यावर माझ्याशी बोलत.

आमच्याकडची काळी माती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून फाटते. तिच्यावर साधा पाया घालून घर बांधलं, की ती ते घर दर वर्षी थोडं उचलते आणि थोडं खाली ठेवते. भिंतींना तिरप्या भेगा जातात, दारं अडकतात आणि मालक उगाच गवंड्याला शिव्या घालत बसतो. म्हणून आम्ही एकाच जागी दोनदा खड्डा घ्यायचो, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. त्या दोन मातींमध्ये जितका फरक, तितका पाया खोल न्यायचा. या फरकावरच आमचं सगळं पोट होतं.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तोही मे महिन्यातच. त्याच्यासाठी एक खोली रिकामी करून तिला एसी लावला. आम्ही माणसं बाहेर कूलरच्या दमट वाऱ्यात बसायचो, आणि आत जायचं तर चपला दाराबाहेर काढायच्या. मातीच्या आकड्यांचा प्रोग्राम मुंबईच्या एका कंपनीचा होता. तो बसवायला त्यांचा जो माणूस आला होता, तो ओला टॉवेल डोक्यावर घेऊन आमच्याबरोबर जागेवर आला, भेगा बघितल्या आणि परत येऊन म्हणाला, "तुमच्या उन्हाळ्याला वेगळा रकाना द्यायला हवा." तो बोलला चेष्टेत, पण रकाना खरोखर दिला. खड्ड्याचा नंबर टाकला की मशीन विचारायचं, उन्हाळा की पावसाळा. एवढीशी सोय, पण ती आमच्यासाठी केली होती. मला त्या माणसाबद्दल आजही माया वाटते.

पुढे एका वर्षी शाळेचं काम आलं. तेव्हा शहराच्या दक्षिणेला, मनीषनगरच्या बाजूला, नवे लेआउट, म्हणजे घरांचे प्लॉट, पडत होते. तिथं टिनाच्या शेडमध्ये एक शाळा भरत होती, पहिली ते सातवी. पाऊस आला की टिनाच्या आवाजात शिकवणं बंद, आणि मार्चपासून टिन तापलं की पोरं वह्यांनी वारा घेत बसायची. शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडे जाणारा. मे महिन्यातले खड्डे घेतले तेव्हा त्या छत्री धरून दिवसभर माझ्याशेजारी उभ्या होत्या.

"आता सहावीत जातीन ना, त्या पोरी पहिलीपासून मले विचारून राहिल्या, बाई, पक्की शाळा कधी होते," त्या म्हणाल्या. "सातवीनंतर आपल्याकडे वर्गच नाही, त्या दुसरीकडे जातीन. जायच्या आधी एक वर्ष तरी पक्क्या भिंतीत बसवतो, असा मी त्यायले शब्द देऊन बसली. तुमच्याकडून उशीर नको व्हायला, बाई."

मी म्हटलं, "आमच्याकडून होणार नाही." आणि होणारही नव्हता. ऑगस्टमधले खड्डे वेळेवर झाले. दिवाळीआधी रिपोर्ट द्यायचा, सरकारी खात्याकडून मंजुरी आली की दिवाळीनंतर बांधकाम, आणि पुढच्या जूनमध्ये सातवीच्या पोरी नव्या वर्गात. सगळं नीट बसलं होतं.

मधे सप्टेंबरात कंपनीचा नवा माणूस आला. टाय लावलेला, हातात नव्या फ्लॉप्यांचा डबा. म्हणाला, अपग्रेड आहे, सगळ्या देशासाठी एकच, आता खूप सोपं केलंय. सोपं केलंय या शब्दांची मला तेव्हापासून जी ॲलर्जी झाली ती कायमची. त्यानं एका दिवसात नवा प्रोग्राम बसवला, आमचे जुने आकडे त्यात ओतले, जुन्या फ्लॉप्या कंपनीच्या नियमाप्रमाणे गोळा केल्या आणि रात्रीच्या गाडीनं निघूनही गेला. साहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, त्याला जाताना संत्र्याची बर्फी दिली. ती बर्फी मला अजून सलते.

दुसऱ्या दिवशी आमचा टायपिस्ट शाळेचे ऑगस्टमधले आकडे भरायला बसला आणि थोड्या वेळानं चपला न घालताच बाहेर आला.

"मॅडम, मशीन आपल्या मालाले डुप्लिकेट म्हणून राहिलं."

आमच्याकडे डुप्लिकेट म्हणजे नकली. बाजारात सेल डुप्लिकेट निघतात, स्कूटरचे पार्ट डुप्लिकेट निघतात. त्यामुळे बिचाऱ्याला वाटलं, माती कुणीतरी बदलून आणली. मी आत जाऊन बघितलं. उन्हाळा की पावसाळा हा प्रश्नच गायब झाला होता. एका नंबरचा खड्डा दुसऱ्यांदा भरला की पडद्यावर डुप्लिकेट असं यायचं, आणि नवे आकडे ठेवून मशीन जुने पुसून टाकायचं. म्हणजे ऑगस्ट राहिला आणि मे गेला. मग मी जुनी कामं उघडून बघितली. त्या सगळ्यांचे उन्हाळे तसेच गेले होते. आम्ही इतकी वर्षं रणरणत्या उन्हात उभं राहून घेतलेली माती मशीननं केराच्या टोपलीत टाकली होती, आणि वर आम्हालाच नकली ठरवलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुंबईला ट्रंक कॉल लावला. पलीकडचा गृहस्थ फार गोड बोलला. म्हणाला, "मॅडम, तो रकाना तुमच्याशिवाय कोणीच ग्राहक वापरत नव्हता, म्हणून काढला."

मी विचारलं, "मग आम्ही काय करायचं?"

तो म्हणाला, "तुम्ही दोनदा का मोजता? एकदाच नीट मोजा ना."

हे वाक्य मी आजवर कुणाला चांगल्या मनःस्थितीत सांगू शकलेले नाही. म्हणजे आम्ही नीट मोजत नव्हतो म्हणून दोनदा मोजत होतो. त्याला समुद्राशेजारी खुर्चीत बसून हे कळलं होतं.

कागदावर मे महिन्याचे आकडे होतेच, ते कुठं जात नव्हते. पण नुसता ऑगस्ट घेऊन मशीननं शाळेसाठी जो पाया छापून दिला तो साधा, उथळ पाया होता. भिजलेली, आधीच फुगलेली माती बघून त्याला वाटलं, ही आता आणखी काय फुगणार. तो पाया घातला असता तर दोन पावसाळ्यांत त्या शाळेच्या भिंती फाटल्या असत्या. मी साहेबांना म्हटलं, आपण हातानं हिशेब करून देऊ.

"मॅडम, शाळेले आपण कॉम्प्युटरचा रिपोर्ट कबूल केला," साहेब म्हणाले. "आता हातानं लिहून दिलं तर लोक विचारतीन, मग मशीन काहून आणली?"

"मग निदान खाली पेनानं एक शेरा लिहू द्या."

"छापील रिपोर्टवर पेन नाही चालवायचा. बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही. एसी माणसांना लावला नाही ते बरं दिसत होतं.

शेवटी मी एक केलं. सहा खड्डे होते. त्यांच्या मे महिन्यातल्या मातीला मी नवे नंबर दिले, सात ते बारा. मशीनला बारा वेगळे खड्डे दिसले, त्यानं कुरकुर केली नाही, आणि सगळ्यात कोरडी आणि सगळ्यात ओली माती शेजारी ठेवून खोल पाया सांगितला, जमिनीत उतरून तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा. उत्तर बरोबर आलं. मी एका वेगळ्या कागदावर लिहिलं, की सात ते बारा हे खड्डे म्हणजे एक ते सहाच आहेत, फक्त उन्हाळ्यातले, आणि तो कागद रिपोर्टला टाचणीनं लावला. साहेबांनी सही करताना टाचणी काढली आणि कागद मला परत दिला. म्हणाले, "चिठ्ठ्याचपाट्या लावून रिपोर्ट जाते का?"

पुष्कळांनी मला नंतर सांगितलं की तू खोटे नंबर द्यायला नको होते. मी आजही ते ऐकून घेत नाही. माती खरी होती, तारखा खऱ्या होत्या, पाया खरा होता. खरं सांगायला तिथं जागाच ठेवली नव्हती, म्हणून ते मागच्या दारानं आत न्यावं लागलं. दार बंद करणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

डिसेंबरात मंजुरीआधी जागा बघायला सरकारी खात्याचे एक इंजिनिअर आले. रिपोर्ट हातात घेऊन मैदानभर फिरले आणि आमच्यापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, खड्डे बारा. इथं तर सहाच्याच खुणा आहेत. बाकीचे दाखवा."

मी सगळं सांगितलं. मे, ऑगस्ट, अपग्रेड, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी रिपोर्टची घडी केली आणि म्हणाले, "म्हणजे एकच खड्डा दोन नंबरांनी दाखवला. याले तर डुप्लिकेट म्हणतात."

मशीन तेच म्हणालं होतं. मला हसू आलं नाही. त्यांनी फाईल परत पाठवली आणि वर लिहिलं, की उन्हाळ्यातली तपासणी खात्याच्या माणसासमोर पुन्हा व्हावी. पुन्हा म्हणजे पुढच्या मे महिन्यात. म्हणजे बांधकाम पावसाळ्यानंतर, म्हणजे शाळा त्याच्या पुढच्या जूनमध्ये. मोठ्या बाईंना हे सांगायला मीच गेले, कारण साहेबांना त्या दिवशी नेमकं बाहेरगावी काम निघालं.

मोठ्या बाई वर्गातून बाहेर आल्या. मी सांगितलं. 

"पण माती तर तुम्ही मोजली होती. मी होती ना तिथं, छत्री घेऊन."

"हो."

"मग काहून पुसली, वं?"

एरवी त्या मला बाई म्हणायच्या. त्या दिवशी घरच्या पोरीला विचारावं तसं विचारलं.  मला रडू येत होतं ते दुःखानं नाही, संतापानं.

मे महिन्यात तेच इंजिनिअर पुन्हा आले. गॉगल, कानाला रुमाल, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. काळी जमीन नेहमीसारखी फाटलेली होती. मोठ्या बाई वर्गातून छडी घेऊन आल्या, एका भेगेत ती उभी धरली आणि सोडून दिली. छडी सबंध आत गेली, टोकही दिसेना.

"आता काढून दाखवा, साहेब," त्या म्हणाल्या.

इंजिनिअरनी वाकून भेगेत बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, असं आहे तर हे आधी रिपोर्टमध्येच लिहायचं ना."

मी मैदानातून चालत बाहेर गेले आणि रस्त्यावरच्या कडुलिंबाखाली उभी राहिले. तिथं उभी राहिले नसते तर मी काहीतरी बोलून बसले असते आणि आणखी एक वर्ष गेलं असतं.

शाळा बांधून झाली, खोल खांबांवर. आजही तिच्या भिंतीला भेग नाही, मी मुद्दाम जाऊन बघते. पण ज्यांना शब्द दिला होता त्या पोरी एप्रिलमध्ये टिनाखालूनच सातवी पास होऊन गेल्या. जूनमध्ये उद्घाटनाला त्यांतल्या काही नव्या शाळांच्या गणवेशात आल्या होत्या. पाहुण्यांसारख्या मागच्या रांगेत बसल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी टायवाला पुन्हा आला. आणखी एक अपग्रेड. साहेबांसमोर पडद्यावर बोट ठेवून अभिमानानं म्हणाला, "या वेळी खास नवी सोय आणली आहे. एकाच खड्ड्याच्या दोन ऋतूंच्या नोंदी ठेवता येतील. तुमच्या भागाला उपयोगी पडेल."

साहेब म्हणाले, "वा, हे चांगलं केलं."  

निघताना त्यानं खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "मॅडम, तुमची आणखी काही मागणी?"

मी म्हटलं, "एक वर्ष द्या."

त्यानं मान डोलावली आणि लिहून घेतलं, वॉरंटी एक वर्ष.