गनीभाईंची पहिली ओळ

फोन वाजला तेव्हा मी बैठकीत होतो. पडद्यावर नाव आलं, ‘गनीभाई जॉबर’. मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. खरं सांगायचं तर बैठक ही नुसती सबब होती. गेलं वर्षभर मी त्यांचे फोन असेच टाळत होतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले, म्हणून वैतागून बाहेर गेलो आणि चढ्या आवाजातच म्हणालो, “अहो गनीभाई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो की!” पलीकडे त्यांची मुलगी रेश्मा होती. म्हणाली, “सर, अब्बा गेले... सकाळी. त्यांच्या फोनात तुमचं नाव सगळ्यात वर होतं, म्हणून केला.” वर होतं, कारण आदल्या दिवशी त्यांनी शेवटचा फोन मलाच केला होता. तोही मी उचलला नव्हता.

गनीभाई जॉबर होते. सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. विणकर माग चालवतो. माग रुसला, आडवा धागा नेणारा धोटा अडला, कापडात खोट यायला लागली, की जॉबरला हाक जाते. माझे वडील ज्या टॉवेलच्या कारखान्यात विणकर होते, तिथंच गनीभाई पोरवयात लागले आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तिथंच राहिले. आमच्या घरात तेलुगू, त्यांच्या घरात दखनी, आणि आमची आपसातली थट्टामस्करी सगळी मराठीत. मी डिप्लोमा केला, सरकारी प्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागलो, तेव्हापासून ते मला मास्तर म्हणायला लागले. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मास्तर! मी लाजलो की म्हणायचे, “आरं, मला धोटा कळतोय, तुला पुस्तक कळतंय. कुणीतरी मास्तर पायजेच की.”

त्यांची एक सवय होती. बिघडलेल्या मागापाशी गेले की ते माग बंद करायचे नाहीत. उजव्या बाजूच्या लोखंडी चौकटीवर तळहात टेकवायचे, मान खाली घालायचे आणि उभे राहायचे. कारखान्यात एवढा खडखडाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि हा माणूस हातानं ऐकतोय! मग हात काढायचे, माग थांबवायचे आणि थेट बिघडलेल्या जागी पान्हा लावायचे. मी एकदा विचारलं, आधी बंद का नाही करत? तर म्हणाले, “बंद मागाला काय इचारायचं मास्तर? मुका झाला की त्यो. चालतोय तवर सांगतोय, काय दुखतंय ते.”

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना माझी एका समितीवर नेमणूक झाली. देशभरातल्या व्यवसाय प्रमाणपत्रांचं जंजाळ सोपं करायचं होतं. आणि जंजाळच होतं ते! एकाच कामाला चार नावं, प्रत्येकाच्या निरनिराळ्या पातळ्या, एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात चालेना. ज्याच्या हातात कला आहे पण शाळेचा दाखला नाही, त्याला तर दारातही उभं करत नसत. मी पहिल्याच बैठकीत गनीभाईंचं उदाहरण दिलं. म्हणालो, असा माणूस काम करून दाखवून प्रमाणपत्र घेऊन गेला पाहिजे. तरच ही सुधारणा. सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्रमाग दुरुस्तीचं पान लिहायचं काम माझ्याकडे आलं. हो, पानच. आधीच्या जाडजूड पुस्तकाऐवजी एका कामाला एक पान, हा माझाच आग्रह होता.

ते पान मी शुक्रवार पेठेत, त्यांच्या घरी बसून लिहिलं. आठवडाभर ते सांगत होते, मी वहीत उतरवत होतो. बिघाड शोधण्याबद्दल त्यांनी तीन ओळी सांगितल्या. आधी चौकटीला हात लावा. मग माग बंद करा. मगच आत हात घाला. समितीच्या टेबलावर प्रश्न आला, पहिल्या ओळीचं मोजमाप कसं करायचं? उमेदवाराच्या हाताला काय कळलं, हे परीक्षकाला दिसणार कसं? खरं म्हणजे मी तिथं भांडायला हवं होतं. मी म्हणालो, “काढून टाकू. तेवढंच सुटसुटीत होईल.” आणि पेन्सिलनं नाही, पेनानं काट मारली. दुसरी ओळ पहिली झाली. वर आणखी एक शहाणपणा केला, टक्केवारी रद्द केली. एक पायरी चुकली तरी शेरा एकच: अद्याप सक्षम नाही. हे मराठी शब्दही माझेच. नापास म्हटलं की माणूस खचतो, म्हणून मोठ्या कौतुकानं शोधलेले. त्या पानासाठी मला शाल-श्रीफळ मिळालं. फोटो अजून भिंतीवर आहे.

कारखाना बंद पडल्यावर त्यातला एक माग आमच्या संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रानं आणला होता. केंद्राला शिकवायला माणूस हवा होता, अट एकच, नव्या पद्धतीचं प्रमाणपत्र. गनीभाईंना बोलवायला मीच गेलो. हरखले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले परीक्षेला. बाहेरगावच्या परीक्षक बाई, हातात टॅब्लेट, वरिष्ठ पाहुणे खुर्च्यांवर, मी त्यांच्या शेजारी. माग मुद्दाम बिघडवून चालू ठेवलेला. गनीभाई गेले आणि त्यांनी चौकटीवर हात टेकवला. मग माग थांबवला, पट्टा घट्ट केला, पुन्हा चालू केला. चहा निवायच्या आत काम झालं! परीक्षक बाई गोंधळल्या. मोठ्यानं विचारलं, “सर, यांनी आधी बंद नाही केला. पहिली पायरी चुकली. चालेल का?” सगळे माझ्याकडे बघत होते. गनीभाईसुद्धा बघत होते, आणि हसत होते. त्यांना वाटलं, मास्तर आता सांगतील. मी म्हणालो, “पानावर आहे तसं करा.”

बस, एवढंच बोललो. जन्मात एवढं लाजिरवाणं वाक्य माझ्या तोंडून दुसरं निघालेलं नाही.

केंद्रावर दुसरा माणूस लागला. गनीभाई एका गोदामावर वॉचमन म्हणून जायला लागले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. रेश्मानं त्यांना ते पान वाचून दाखवलं होतं. नंतर चहाच्या गाडीवर भेटले तेव्हा शांतपणे म्हणाले, “मास्तर, माझी पहिली ओळ कुटं गेली?” मी काहीतरी समितीवर ढकललं. “बरं बरं,” म्हणाले, “पण ती घाला तेवढी परत. माझं ऱ्हाऊ द्या. नवीन पोरं-पोरी बंद मागापुढं नुसती बघत बसत्याल.” मी शब्द दिला, पुढच्या फेरतपासणीत घालतो. घरी येऊन पत्रही लिहिलं. आणि ते टेबलाच्या खणात ठेवलं... कारण पाठवायचं म्हणजे माझ्या पानात चूक आहे हे मीच लिहून द्यायचं होतं. मग त्यांचे फोन यायचे, आणि मी ते कट करायचो.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेलो. रेश्मानं ताट वाढलं, आग्रह केला. तिला सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “अब्बा सांगायचे, मास्तर कामात असतील, पण ओळ घालतीलच.” घरी आलो आणि चपला काढायच्या आधी खण उघडून पत्र घेतलं. दुसऱ्या दिवशी पाठवलं.

आठ दिवसांत उत्तर आलं. सूचना योग्य आहे, स्वीकारत आहोत. कुणी वाद घातला नाही, कुणी माझी शाल परत मागितली नाही. एवढं सोपं होतं ते! खाली एक ओळ होती: प्रात्यक्षिकाच्या चित्रीकरणासाठी अनुभवी कारागिराचं नाव सोबतच्या रकान्यात कळवावं.

तो कागद खिशात घालून मी काल केंद्रावर गेलो. मागाच्या उजव्या चौकटीवर हिरवा रंग सगळीकडे शाबूत आहे. फक्त एका जागी, तळहाताएवढा, पार झिजून लोखंड गुळगुळीत झालंय. इतकी वर्षं मी ते पाहिलंच नव्हतं. मी माग चालू करायला लावला आणि तिथं हात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ उभा राहिलो. माग हलत होता, एवढंच मला कळलं. रकाना अजून कोराच आहे.