कुत्र्याच्या थाळीतले चिंचोके

आमच्या गावात काय झालं ते सांगते, थांबा! बाहेरच्या देशातून आरोग्यासाठी पैसा आल्ता. तो वाटणाऱ्या संस्थेच्या सरांनी मदतीला मला धरलं, कारण गावातल्या सगळ्या बायांना ओळखणारी कॉलेजवाली मीच.

काम सोपं. अंगणवाडीत चार थाळ्या, प्रत्येकीत एक चित्र: टीबी, हगवण, डेंग्यू, कुत्रं चावणं. प्रत्येक बाईनं मूठभर चिंचोके घेऊन पाहिजे तसे टाकायचे. ढीग मोठा, त्याच आजाराला पैसा. बाकीच्यांना काहीच न्हाई.

माझ्या काकूला मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या रस्त्यावर कुत्रं चावल्तं. दर इंजेक्शनला मजुरी बुडवून तालुक्याला, परतूरला जायचं! अन् आता तिची पोरगी त्याच रस्त्यानं शाळेत जाती. म्हणून मला वाटलं, काकू सगळे चिंचोके कुत्र्यालाच देणार.

कशाचं काय! काकूनं चारी थाळ्यांत बराबर वाटले. तिच्यामागं शेजारीण, तिनंही तसंच. मंग सगळ्यांनीच! पंगतीत वाढल्यासारखं, एकही पान सुटू नये म्हणून.

सर डोकं धरून बसले. "असं कसं? एकच आजार कळवायचाय."

मी काकूला बाजूला घेतलं. "काय केलं गं हे?"

"शेजारणीच्या सासूला टीबी हाय. तिच्यासमोर ती थाळी रिकामी ठिवू? रोज तोंड दाखवायचंय मला."

माझी ट्यूबच पेटली! थाळ्या रिकाम्या करून आतल्या खोलीत नेल्या, दार लोटलं. एकेकीनं आत जायचं.

"नवरदेव बसवला का गं आत?" एक म्हातारी म्हणली. सगळ्या खिदळल्या.

शेवटी दार उघडलं तर कुत्र्याची थाळी शिगोशीग!

"माझे समदे तिथंच हायेत," शेजारीण म्हणली.

काकू बघतच राह्यली. "अगं, अन् तुझी सासू?"

"तिच्या गोळ्या आशाताई घरी आणून देती. कुत्र्याचं औषध कोण आणतंय दारात? अन् तुझी पोरगी माझ्या पोरीसंगंच शाळेत जाती की!"

आता त्याच पैशातून गावातल्या उपकेंद्रात कुत्रं चावल्यावरच्या लशीचा फ्रिज आलाय! काल दोघी बघायला गेल्त्या, मी मागं मागं. नर्सताईंनी दार उघडून बाटल्या दाखवल्या. काकूनं आत हात घातला.

"गार हाय."

"मंग काय, चुलीवर ठिवतेत का?" शेजारीण म्हणली.

"कुणाला लागू नये बाई," काकू हसत म्हणली. "पर हाय. आपल्या गावात हाय."