शिवेपलीकडची वांगी

मी ज्या गावात शिकवते तिथे भाजी विकत मिळत नाही. भाजीच नाही असं मात्र नाही. पोंभुर्ण्याकडच्या या जंगलपट्टीत प्रत्येक घराला बाडी आहे, म्हणजे घरामागचा काट्याकुट्यांचं कुंपण घातलेला तुकडा. पावसाळ्यात तिथे दोडके, चवळी, वांगी यांना नुसता ऊत येतो. शेजारच्या छपरावरचा दोडक्याचा वेल तर माझ्या खिडकीत डोकावतो. पण पिशवी घेऊन कुणाच्या दारात उभं राहा आणि म्हणा, पावशेर वांगी द्या हो, तर ते माणूस तुमच्याकडे असं बघेल, जसं काही तुम्ही त्याचं पोरगंच विकत मागितलंत.

बाकी खायचं मिळतं. दोन किराणा दुकानं आहेत. त्यांच्या दारावर चिप्सच्या पाकिटांच्या माळा लटकतात, आत तेल, साबण, बिस्किटं, कांदे, बटाटे. कंट्रोलात, म्हणजे रेशनच्या दुकानात, तांदूळ मिळतो. तलावातली मासोळी शेजारच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरी सकाळी ताजी तोलून मिळते. हिरव्या भाजीसाठी मात्र आठवडी बाजार गाठायचा, जंगलातल्या रस्त्याने, काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून. मोबाइलवर मिनिटांत भाजी दारात आणून देणारी जाहिरात येते. एकदा गंमत म्हणून मी त्यात गावाचा पिनकोड टाकून पाहिला. आमच्या भागात सेवा नाही, असं त्यांनी फार नम्रपणे सांगितलं.

नवी होते तेव्हा मी ते पाप केलं. शेजारच्या बाई कुंपणापलीकडे वांगी तोडत होत्या. मी इकडून नोट पुढे केली. बाईंचा चेहरा पडला. त्या घरात निघून गेल्या, आणि संध्याकाळी टोपलंभर वांगी माझ्या ओट्यावर आणून आदळली. ती शिक्षा होती हे मला आठवडाभर वांगी खाल्ल्यावर कळलं.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. राग निवल्यावर मी बाईंना विचारलं, "मासोळी तर विकता की तुम्ही! मग वांग्यांनी काय घोडं मारलं?"

"मासोळी पाण्यातली हाय मॅडम. भाजी घरची हाय. घरचं कोणी गावात इकते काय?"

"पण बाजारात तर नेता."

"बाजार म्हंजे बाजार," त्या म्हणाल्या. हे न कळणारी मास्तरीण पोरांना काय शिकवत असेल, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

आणि खरोखर, बाजाराच्या दिवशी त्या आणि मी एकाच काळीपिवळीत बसून जायचो. त्यांच्या मांडीवर वांग्यांची टोपली, माझ्या मांडीवर रिकामी पिशवी. वाटेत त्या माझ्या तब्येतीची, माझ्या न झालेल्या लग्नाची विचारपूस करायच्या. बाजारात पोचल्यावर त्या खाली पोतं अंथरायच्या, मी समोर उभी राहायचे, आणि आमची ओळखच नसायची. वजन झालं की वरून एकही वांगं जास्तीचं टाकायच्या नाहीत. तीच वांगी घेऊन मी त्याच गाडीने त्यांच्या शेजारी बसून परत यायचे. आपल्या भिंतीपलीकडे उगवलेली भाजी अशी जंगल फिरवून आणायची! मला या प्रकाराची इतकी मजा वाटायची की चुलीवरची वांगी करपेपर्यंत मी त्यावर विचार करत बसायचे.

आई आली आणि मजा संपली.

आई कोरपन्याला एकटी राहायची. बाबा गेल्यावरही तिने घर सोडलं नव्हतं. मधुमेह तिला जुनाच. या उन्हाळ्यात साखर कमी होऊन ती अंगणात पडली, आणि दूधवाली येईपर्यंत तशीच पडून होती. मी गेले आणि तिला घेऊनच आले. इथल्या नर्सबाईंनी बजावलं, भात कमी, भाजी जास्त, वेळेवर जेवण. आई मासोळी खात नाही. म्हणजे भाजीवाचून गत्यंतर नव्हतं, आणि बाजारातून आणलेली दोन दिवसांत सुकायची.

मॅडमची आई आली म्हटल्यावर गावाने भाजी पाठवायला सुरुवात केली. दोडक्याचे दिवस होते, म्हणून सगळ्यांनी दोडके पाठवले. मग चवळीचे दिवस आले, तेव्हा सगळ्यांनी चवळी पाठवली. आई पहिले काही दिवस खूश होती. मग तिने विचारलं, "आपून काय देतो याईले?"

आमच्या खोल्यांना बाडी नाही, मागे नुसती फरशी आणि पाण्याची टाकी. मी पोहे पाठवले, चिवडा पाठवला, कुणाच्या नातवाची शिकवणी घेतली. आईचं समाधान होईना. ती शेजारच्या बाईंना पाहिलं की आत जाऊन पडायची. हळूहळू ती भाजी ताटात बाजूला सारू लागली. भात आणि लोणचं, लोणचं आणि भात. नर्सबाईंनी बोट टोचून साखर पाहिली आणि माझ्यावर ओरडल्या.

"दोडक्यापायी कोणी जीव देतं का गं?" मी आईवर खेकसले.

"मले माह्या घरी जाचं हाय," आई म्हणाली. "पोळा झाला की गाडी सांग."

मी घाबरले. त्या अंगणात ती पुन्हा पडली आणि या वेळी दूधवाली सुट्टीवर असली तर? पण आईपुढे कोणाचं चाललंय! मी काळीपिवळीवाल्याला पोळ्यानंतर यायला सांगून ठेवलं.

त्याआधी तिला एकदा बाजाराला नेलं, जायच्या आधी इकडचा बाजार तरी पाहील म्हणून. रस्त्याने तिच्या कमरेचा खुळखुळा झाला. पण बाजारात उतरल्यावर ही बाई माझी आईच राहिली नाही. पदर खोचून ती प्रत्येक पोत्यासमोर बसली. वांगी दाबून पाहिली, देठ पाहिले, मिरची मोडून वास घेतला, "इतकी महाग? सोनं लावलं काय इले?" म्हणून उठून गेली आणि परत आली. शेजारच्या बाईंशी तर तिने असा वाद घातला की मी तिला मागे ओढू लागले. बाई मात्र रंगात आल्या होत्या. त्यांनीही भाव सोडला नाही.

घरी येऊन आई दोन दिवस अंथरुणात होती, पण त्या दोन दिवसांत तिने वांगं मागून घेऊन खाल्लं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर या बाईने काय शिजवायचं ते स्वतः ठरवलं होतं. इथे ती लोकांनी पाठवलेलं खात होती, कितीही प्रेमाने पाठवलेलं असो. तिला भाजी कमी पडत नव्हती, निवड कमी पडत होती. मला तिची फार दया आली, आणि तेवढाच रागही, की हे तिने तोंडाने का सांगितलं नाही. पण कळून उपयोग काय? दर आठवड्याला तो रस्ता तिच्या कमरेला झेपणार नव्हता.

पोळ्याच्या दोन-चार दिवस आधी आई ओट्यावर बसली होती. शेजारच्या बाई पाण्याला चालल्या होत्या. आईने त्यांना हाक मारली. आपणहून, पहिल्यांदाच.

"काहो बाई, तुमचं गाव कुठी संपते?"

"मातामायपाशी." शिवेवर देवीचा ओटा आहे, शाळेच्या पलीकडे.

"अन् तिच्या पलीकडं?"

"पलीकडं जंगल."

"म्हंजे गाव नाई नं?"

बाई कळशी कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांना समजलं आणि त्या इतक्या हसल्या की पाणी आणायचं विसरून घरी वळल्या. तरी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. सासूबाईंना विचारलं, जावेला विचारलं. सासूबाई म्हणाल्या म्हणे, शिवेबाहेर कोणी कोणाचा शेजारी नसते.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर, कारण त्या बाजूला वाघाची ये-जा असते, दोघी निघाल्या. बाईंच्या डोक्यावर टोपली, आईच्या हातात पिशवी. मी शाळेच्या व्हरांड्यातून पाहत होते. मातामायला हात जोडून दोघी ओट्याच्या पलीकडे गेल्या. बाईंनी पोतं अंथरलं. आई चार पावलं पुढे गेली आणि वळून, आत्ताच आल्यासारखी, पोत्यासमोर येऊन थांबली.

"कशी देली वांगी?"

मग जे सुरू झालं ते वर्गातल्या पोरांनीही खिडकीतून ऐकलं. कुंपणावरून टोपलंभर फुकट देणारी ती बाई इथे एक पैसा कमी करेना. आईने दोन वांगी किडकी म्हणून परत टाकली. बाईंनी ती उलटीपालटी करून दाखवली, कुठी कीड हाय, दाखवा. शेवटी सौदा जमला आणि बाईंनी वरून मूठभर मिरच्या टाकल्या. फुकटच्या भाजीने आजारी पडलेल्या माझ्या आईने त्या मिरच्या बिनदिक्कत पिशवीत टाकल्या. बाजारात वरचं घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क असतो, असं तिने मला संध्याकाळी ठणकावून सांगितलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तसंच ते रोज चाललं. वनरक्षकाची बायको, तिलाही बाडी नाही, तीही पिशवी घेऊन जाऊ लागली.

पण आईने जायचं रद्द केलं नव्हतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हट्टाने गेली असती, मी तिला ओळखून आहे. पोळा झाला. ठरलेल्या सकाळी तिचे कपडे, औषधं पिशवीत भरून मी शिवेकडे निघाले, कारण ती तिथेच होती. काळीपिवळी मातामायपाशी येऊन उभी राहिली. आई बाईंच्या पोत्यासमोर उकिडवी बसून चवळीच्या शेंगा निवडत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने मान वर केली नाही. त्याने पुन्हा दिला.

"आई, पिशवी ठेवू का गाडीत?" मी विचारलं.

"त्याले जाऊ दे," शेंगा पोत्यावर टाकत आई म्हणाली. "उद्याच्याले मी इले भेंडी आणाले सांगतली हाय. कोवळी."

गाडी गेली. मी हातात पिशवी धरून तिथेच उभी राहिले आणि मला रडू आवरेना. इथे आल्यापासून आईने उद्यासाठी म्हणून काही सांगून ठेवलं होतं, ते पहिल्यांदाच.