सवण्यातलं ऊन आणि साधा पडदा

आधी एक दुरुस्ती. मागच्या प्रवासवर्णनात मी लिहिलं होतं, की चारशे शहाऐंशी जातीच्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये किचकट आकडेमोडीची चिप आतच असते. तसं नाही. डीएक्समध्ये असते, एसएक्समध्ये नसते. आणि ती नसली तर रेंडरिंगचं, म्हणजे नकाशावरून ऊन-सावलीचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर हळू चालत नाही, सुरूच होत नाही. माझ्या भरवशावर कुणी मशीन घ्यायला निघालं असेल तर थांबा, आधी हे वाचा. हे मला कसं कळलं, तेही सांगते.

गंगाखेडला माझ्या काकांचं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस आहे. शाळेत नाव घालण्याआधी मला त्यांनीच घरी शिकवलं. अंक मी पाटीवर नाही, त्यांच्या फूटपट्टीवर शिकले. आता औरंगाबादला सहा महिन्यांचा कोर्स करून आले, तर काका म्हणाले, "एक मशीन घेऊ. एकदाच घेता येईल, तेव्हा नीट बघून तूच ठरव." त्या दिवसापासून माझी झोप उडाली. काकांच्या मनात रंगीत पडदा होता. तो घेतला तर मेमरी आणि लाईट गेल्यावर मशीन चालू ठेवणारा यूपीएस यांच्यात काटछाट करावी लागणार होती. पण ऐन वेळी त्यांना नाही कसं म्हणायचं?

डिसेंबरात आम्ही दोघं निघालो. पहाटेच्या गाडीने परभणी. स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा, दोन्ही बाजूंच्या, एकीवर एक रंगवलेल्या. कॉम्प्युटरचं दुकान जवळच. पडद्यावर हिरवागार पोपट झळकत होता आणि काका त्याच्यासमोरून हलेनात.

"बघा काकासाब, गिऱ्हाईक खूश न्हाई झालं तर सांगा," दुकानदार म्हणाला.

"माझ्या फ्लॉप्या लावून बघू का?" मी विचारलं.

"ताई, चारशे शहाऐंशी हाय म्हणल्यावर काय बघायचं? गर्दी लय हाय. लावा, पण दहाच मिनिटं."

दहा मिनिटं लागलीच नाहीत. आकडेमोडीची चिप सापडत नाही, एवढं एक वाक्य उमटलं आणि सगळं थांबलं. ते मशीन एसएक्स होतं. दुकानदार जरा ओशाळला. "डीएक्स मागवतो. पण मग रंगीत पडदा तुमच्या हिशेबात बसणार न्हाई," म्हणाला. काका पोपटाकडे बघत बाहेर पडले.

परभणीहून जिंतूरच्या गाड्या पुष्कळ आहेत. जिंतूरला उतरून चारठाण्याची गाडी मात्र दिवस मावळायच्या आत पकडा. स्टँडवरची भजी गरम असतील तरच घ्या. चारठाण्यातली जुनी मंदिरं निवांत बघावीत अशी आहेत. मी काम डोक्यात ठेवून गेले, त्यामुळे खांबांवरचं कोरीव काम अर्धंच पाहिलं.

काम होतं मथुराबाईंचं. त्यांचं जुनं घर माळवदाचं, मातीच्या धाब्याचं. चुलीच्या बाजूला छतात सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. आता मुलगा तिथं स्लॅबचं घर बांधतोय. आमच्याकडची रीत अशी, की पाया खणण्याआधी काका जागेवर पांढऱ्या फक्कीने अख्खा नकाशा आखतात आणि घरच्या बाईला त्यात फिरवतात. मथुराबाई रेघांच्या स्वयंपाकघरात बसल्या, भाकरी थापल्यासारखे हात केले आणि वर पाहिलं.

"भाऊ, घर ऐसपैस हाय. पर माझ्या परातीवर ऊन येतंय का न्हाई, हे फक्कीत कुठं दिसतंय?"

"मी सवणं ठेवलंय नकाशात," मी म्हणाले.

"ठिवलंस माय. पर ऊन पडायलंय कुठं?"

मुलगा हसला. "आई, ट्यूबलाईट लावू की!"

"तूच बस ट्यूबखाली भाकरी थापत."

 रथसप्तमीला पाया खणायचा ठरला होता. स्लॅब पडल्यावर भोक सरकवता येत नाही. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि जवसाची चटणी, दोन्ही त्याच परातीच्या आसपास. सकाळी त्या भाकरीला बसल्या तेव्हा मी अंगणात काठी रोवली, तिची सावली मोजली आणि होकायंत्राने दिशा घेतली. मथुराबाईंना येलदरीला लेकीकडे जायचंच होतं. आम्हीही तिकडच्या मशीनवर हे ऊन काढून बघायला निघालो होतो, म्हणून त्याही सोबत आल्या.

येलदरीला आमच्या चुलत बहिणीचे यजमान, दाजी, एका ठेकेदाराचं ऑफिस सांभाळतात. तिथं तीनशे शहाऐंशी मशीन आहे, आकडेमोडीची चिप वेगळी बसवलेली, पडदा काळापांढरा. धरणाच्या भिंतीवरून पूर्णेचं पाणी बघावं, मासे खाणाऱ्यांनी ते तिथंच खावेत. आम्ही मात्र दार लावून मशीनसमोर बसलो. मी भिंती उभ्या केल्या, छत टाकलं, सवणं ठेवलं, काठीच्या सावलीवरून सूर्य लावला आणि ऊन-सावली काढायला सांगितलं. पडदा वरून एकेक ओळ उजळत खाली येऊ लागला. याच कामाला रेंडरिंग म्हणतात. चहा झाला, दुसरा चहा झाला, तेव्हा चित्र पूर्ण झालं.

मथुराबाई पदर सावरून पुढे वाकल्या. "हे ऊन तर भिताडावर चढलंय. परात अंधारात."

 हाच नकाशा आम्ही त्यांना बांधायला देणार होतो. सकाळचं कललेलं ऊन सवण्यातून सरळ खाली उतरत नाही, समोरच्या भिंतीवर जातं, एवढी साधी गोष्ट मी धरली नव्हती.  नकाशा उलगडून काकांनी पेन्सिलीने सवणं आग्नेयेला सरकवलं आणि चूल समोरच्या भिंतीला नेली. मी पुन्हा सुरू केलं.

चित्र जवळजवळ तळाला आलं आणि लाईट गेली.

"धरणाच्या दारात अंधार!" दाजी हसले. "वीज इथं बनती, पर राहती दुसरीकडं."

मला हसू आलं नाही. सगळं पुसलं गेलं होतं. मथुराबाईंची लेक दोनदा बोलवायला येऊन गेली. त्या उठल्या नाहीत. "येऊ दे लाईट. माझी चूल हाय ती," म्हणाल्या.

लाईट आली. पुन्हा तेच, एकेक ओळ. या वेळी परातीवर पांढरा चौकोन उतरला, थोडा तिरका. मथुराबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही.

"हे ऊन फक्त थंडीतल्या या वेळेचं आहे हां," मी घाईघाईने म्हणाले. "उन्हाळ्यात वेगळं पडेल."

"उन्हाळ्यात चुलीपशी ऊन कुणाला पायजे, माय?"

काका म्हणाले, "रंगीत पडद्यावर अजून छान दिसलं असतं, मथुराबाई."

"उन्हाला कसला रंग, भाऊ? पडलं की दिसतंय."

परतीच्या गाडीत जिंतूर आल्यावर काकांनी मशीनच्या हिशेबाचा कागद काढला. मग म्हणाले, "साधाच पडदा घे. पण ते लाईट गेली तरी चालणारं काय ते, ते सोडू नको."

घरी येऊन आठ दिवस झाले. मंदिरांचे खांब मला नीट आठवत नाहीत, परातीवरचा चौकोन आठवतो. असं मशीन घ्यायला निघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: दुकानातलं चित्र बघू नका, स्वतःचं अवघड काम घेऊन जा आणि ते पूर्ण होईपर्यंत तिथून उठू नका. रंगीत पडदा मागाहूनही घेता येतो.

डीएक्स आल्याचा दुकानदाराचा निरोप आलाय. पण गर्दीत तो मला पुन्हा दहाच मिनिटं देईल. म्हणून मी दिवस निवडला तेव्हा काका दचकले. "करीला? त्या दिवशी कुणी नवी वस्तू बघायला तरी जातं का?"

"कुणी जात नाही म्हणूनच," मी म्हणाले. दुकान रिकामं असेल, मशीन माझ्यासाठी मोकळं असेल. मथुराबाईंचं स्वयंपाकघर फ्लॉपीवर तयार आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पहिल्या गाडीने मी परभणीला जाणार आहे.